नेपाळच्या मंडळीत मुलांचे वर्ग घ्यायला जाताना: विदर्भातल्या गावमंडळ्यांसाठी

वणी, उमरखेड, मोर्शी, दर्यापूर अशा भागांतल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) परदेशी सेवेसाठी सर्वांत जवळचा आणि परवडणारा देश म्हणजे नेपाळ. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, नागपूरहून रेल्वेने गोरखपूर गाठता येते, लिपी देवनागरी आहे आणि तराई भागात (दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशात) हिंदीवर बरेचसे भागते. या सोयींमुळे गट निघतात मात्र घाईत. चार गाणी, एक पपेट, दोन पिशव्या चॉकलेट एवढीच तयारी. पाच दिवस धमाल होते आणि सहाव्या दिवशी तिथल्या संडे स्कूलच्या (मुलांच्या बायबलवर्गाच्या) ताईंसमोर प्रश्न उभा राहतो: आता या मुलांना माझा साधा वर्ग कसा आवडायचा?

म्हणून एक गोष्ट आधी ठरवून घ्या. वर्ग त्या ताईंचा आहे, तुम्ही मदतनीस आहात. जे त्यांना तुमच्या माघारी त्यांच्या पैशांत आणि त्यांच्या सामानात करता येणार नाही, ते करू नका. कार्यक्रमाची निवड, सामान, भाषा, खाऊ, सगळे याच एका मापाने मोजायचे आहे.

कायदा

नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ प्रमाणे दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या (तिथल्या फौजदारी कायद्याच्या) कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस दोषी ठरला तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. या बाबतीत भारतीयही परदेशीच.

याचा वर्गाच्या रचनेवर थेट परिणाम होतो. यजमान मंडळीचे लेखी निमंत्रण असल्याशिवाय निघू नका. वर्गात मंडळीतल्याच कुटुंबांची मुले घ्या, तीही आईवडिलांच्या सहीने. शेजारचे एखादे मूल कुतूहलाने आत आले तर त्याला हाकलायचे नाही, पण बसवण्याआधी स्थानिक पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) त्याच्या घरी जाऊन विचारायचे. शाळेत, बाजारात, बसमध्ये पत्रके वाटू नका. "ज्याला येशू हवा त्याने हात वर करा" असे मुलांना कधीही विचारू नका. कायदा बाजूला ठेवला तरी सात वर्षांचे लेकरू पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून कशालाही हात वर करते आणि त्या हातांची मोजदाद करून गावाकडे अहवाल पाठवणे हा आपल्याच सेवेशी अप्रामाणिकपणा आहे.

खाऊ आणि भेटवस्तूंचेही तेच. चॉकलेट, कपडे, दप्तरे वाटली की कोणीही त्याला प्रलोभन म्हणू शकतो, आणि ते निस्तरावे लागते यजमान पाळकांना. काही द्यायचेच असेल तर मंडळीच्या संडे स्कूलला द्या: एक फळा, एक सतरंजी, रंगांचा साठा. पावती मंडळीच्या नावाने.

बालगृह किंवा अनाथालयाला "एक दिवस भेट" हा प्रकार कार्यक्रमातून काढून टाका. नेपाळमध्ये अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुले तिथे आणली जातात, हे आता गुपित राहिलेले नाही. दोन तास मांडीवर घेऊन निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे त्या मुलांचे भले होत नाही.

कधी जायचे

विदर्भात मे महिना मोकळा आणि शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडणार, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात मे येतो. पण नेपाळमध्ये नवे शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. मे मध्ये तिथली मुले शाळेत असतात. जूनच्या मध्यापासून पाऊस आणि डोंगरी रस्त्यांवर दरडी. ऑक्टोबरात दशैं आणि तिहारच्या (आपल्या दसरा-दिवाळीच्या) सुट्ट्या असतात, पण तेव्हा कुटुंबे गावोगावी जातात, आणि आपल्याकडे सोयाबीन काढणी नि कापूस वेचणी डोक्यावर असते.

सोयीची खिडकी म्हणजे एप्रिलचे पहिले दोन आठवडे. तिथे वार्षिक परीक्षा संपलेल्या असतात, नवे वर्ग सुरू व्हायचे असतात. नेपाळी नववर्ष साधारण १४ एप्रिलला येते, त्याच्या आत कार्यक्रम संपवा. आपल्याकडे गहू, हरभरा घरात आलेला असतो. अडचण एकच, गटात शिक्षक असतील तर त्यांच्या परीक्षा. आणि ईस्टर कधी येतो ते आधी बघा. त्या आठवड्यात यजमान मंडळीवर पाहुण्यांचा भार टाकू नये.

नेपाळमधल्या बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी होते. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि शनिवारी उपासनेत मुलांचे सादरीकरण अशी मांडणी सरळ बसते. आपला रविवारचा हिशोब तिथे नेऊ नका.

गट आणि कागदपत्रे

पन्नास-साठ मुलांसाठी सात-आठ जण पुरे. त्याहून मोठा गट यजमानांच्या स्वयंपाकघरावर पडतो. निम्म्या तरी बहिणी हव्यात. सगळे अठरा वर्षांवरचे. तरुण संघातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मोह होतो, पण त्यांची जबाबदारी घेणारे आणखी दोन मोठे माणूस लागतात आणि गणित बिघडते.

प्रत्येकाचे पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र हवे. मोठ्या माणसाने आधारकार्डावर विसंबू नये. सीमेवर अडचण येते आणि विमानाने जाणार असाल तर चालतच नाही. नावातल्या स्पेलिंगचा गोंधळ (तिकिटावर एक, ओळखपत्रावर दुसरे) दोन महिने आधी तपासा. मतदार कार्डाची दुरुस्ती तहसीलमध्ये वेळ खाते.

प्रत्येक सदस्याचे पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र घ्या आणि पाळकसाहेबांचे शिफारसपत्रही. "आपलेच आहेत, ओळखतो आपण" हे उत्तर मुलांच्या कामात चालत नाही. ज्याला हे मागितल्याचा राग येतो, त्याला या गटात घेऊ नका.

सोनौली मार्गे जात असाल तर गोरखपूरहून बस, पायी सीमा, पुढे भैरहवा. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करा. शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत राहतात, तेव्हा शंभराच्या नोटा बाळगणे सोपे. हॉलची वीज, खाजा (दुपारचा नाश्ता), दुभाष्याचा बुडालेला रोज, जेवणाचे किराणा सामान हा सगळा खर्च गटाने उचलायचा. यजमान भिडेपोटी सांगत नाहीत, म्हणून पहिल्याच फोनवर आपणच विचारायचे.

गावातच सराव

दुभाष्यासोबत गोष्ट सांगणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते नेपाळला जाऊन शिकायचे नसते. विदर्भात त्याची सोय आहे. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बोलणारी लेकरं आहेत, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणारी. शाळेत ती मराठी शिकतात, पण चार-पाच वर्षांच्या मुलांना मराठी गोष्ट डोक्यावरून जाते. तिथल्या मंडळीच्या परवानगीने दोन संध्याकाळी त्यांच्या संडे स्कूलमध्ये, तिथल्याच एखाद्या ताईला दुभाषी घेऊन, पूर्ण वर्ग घ्या. पोट्टे मागच्या रांगेत कधी चुळबुळ करायला लागतात ते घड्याळ बघून लिहून ठेवा. बहुतेक वेळा आठव्या-नवव्या मिनिटाला.

हिशोब असा. एकट्याने सहा मिनिटांत संपणारी गोष्ट दुभाष्यासोबत बारा-तेरा मिनिटे घेते. म्हणून गोष्ट चाळीस वाक्यांत बसवा, एका वाक्यात आठ-दहा शब्द. वाक्य क्रियापदावर संपवा, मग थांबा. अर्ध्यावर थांबलात तर दुभाष्याला पुढचे ठाऊक नसते आणि तो अंदाजाने पूर्ण करतो. म्हणी, कोट्या, यमके वगळा. नागपुरी बोलीतले "करून राहिला, जाऊन राहिला" सुद्धा वगळा; साधी पुस्तकी हिंदी बोला. तराईतले दुभाषी हिंदी सहज समजतात. डोंगरातली मंडळी टीव्हीमुळे ऐकून समजतात, पण शास्त्रातल्या गोष्टी हिंदीतून नेपाळीत नेताना अडखळतात. त्यासाठी गोष्ट आदल्या रात्री देवनागरीत लिहून त्यांच्या हातात द्या. पात्रांची नावे त्यांच्या बायबलमधून उतरवून घ्या: आपला पेत्र तिथे पत्रुस आहे, योहान तिथे यूहन्ना, आणि स्तोत्रसंहिता भजनसंग्रह.

दुभाष्याने तुमच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून उभे राहायचे. मुले तुमच्याकडे नाही, त्याच्याकडे बघणार. ते तसेच हवे. हातवारे तुम्ही केलेत तर त्यानेही तेच करायचे, आणि यासाठी दोघांनी एकदा तरी रिकाम्या हॉलमध्ये गोष्ट पूर्ण म्हणून बघायची.

पाच-सहा शब्द पाठ करून जा: आऊ (ये), बस, उठ, हेर (बघ), सुन (ऐक), फेरि (पुन्हा). मोठ्यांना भेटताना "जय मसीह" आणि दाइ, दिदी. एवढ्यावर खेळ चालतो.

गोष्टी निवडताना

पाच दिवसांना पाच गोष्टी पुरतात: वादळ शांत करणे (मार्क ४), पाच भाकरी दोन मासे (योहान ६), जक्कय (लूक १९), हरवलेले मेंढरू (लूक १५), पेरणाऱ्याचा दृष्टांत (मत्तय १३). चमत्कारांनी सुरुवात करा आणि दृष्टांत शेवटी ठेवा, कारण दृष्टांताला दुभाष्याचा हात बसलेला लागतो.

पेरणाऱ्याची गोष्ट सांगताना तिफण आणि कपाशी काढू नका. डोंगरातल्या मुलांनी कपाशीचे शेत पाहिलेले नसते. एप्रिलमध्ये तिथे मका दिसतो. मूठभर मका यजमानांकडून घ्या आणि चार परातींत पायवाटेची माती, दगड, काटक्या आणि शेणखताची माती ठेवून दाखवा. बियाणे गावाहून नेऊ नका, सीमेवर प्रश्न विचारतात.

पाठांतरासाठी पाच दिवसांत बायबलमधली दोनच वचने. रोज एक नवे दिले की शुक्रवारी एकही आठवत नाही. वचन त्यांच्या नेपाळी बायबलमधून, स्थानिक ताईंच्या हस्ताक्षरात, मोठ्या कागदावर. लिपी आपली असल्याने तुम्हीही मुलांबरोबर वाचू शकता आणि तुमचे उच्चार ऐकून मुले हसतील. हसू द्या, त्या निमित्ताने वचन दहा वेळा म्हणून होते.

दिवसाची आखणी

गट इथे हमखास चुकतो. आपल्याकडे सकाळी चहा-पोहे आणि दुपारी जेवण. नेपाळच्या गावांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भाताचे पूर्ण जेवण होते, दुपारी खाजा, रात्री पुन्हा भात. नऊ वाजता वर्ग ठेवला तर अर्धी मुले येत नाहीत आणि आलेली उपाशी असतात. शिवाय एप्रिलमध्ये डोंगरात दुपारी उशिरा वीज-वाऱ्यासह पाऊस येतो, कधी गाराही. म्हणून अकरा ते दीड ही वेळ धरा.

साडेदहाला गट हॉलमध्ये. पावणेअकराला दारात नोंदणी: नाव, वय, पालकाचा फोन, न्यायला कोण येणार, काही खाण्याने त्रास होतो का. छातीवर चिकटपट्टीवर नाव, रंग वयोगटाप्रमाणे. अकराला वीस मिनिटे गाणी, त्यांतली तीन त्यांची आणि एक आपले. हातवाऱ्यांचे मराठी गाणे मुलांना आवडते, पण ते ताईंना शिकवून जाणार असाल तरच घ्या. मग पंचवीस मिनिटे गोष्ट आणि प्रश्न, पंधरा मिनिटे वचन, पंचवीस मिनिटे खेळ, पस्तीस मिनिटे हस्तकला, पंधरा मिनिटे उजळणी आणि प्रार्थना, शेवटी खाजा. दीड वाजता मुले पालकांच्या हाती.

तीन वयोगट करा: चार ते सहा, सात ते नऊ, दहा ते बारा. लहान गटात सहा-सात मुलांमागे एक मोठे माणूस, मोठ्या गटात दहा-बारांमागे एक. चार वर्षांखालचे मूल आईसह असेल तरच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हस्तकलेत बसवले की ती वर्ग बिघडवतात. त्यांना नोंदणी, सतरंज्या, लहान गटाला मदत अशी कामे द्या.

खेळाला सपाट मैदान मिळेलच असे नाही. पायऱ्यांच्या शेतावर चेंडू खाली गेला की दोन पोरे त्याच्या मागे उतरतात. गोल बसून किंवा जागच्या जागी खेळायचे खेळ पाठ करून जा: रुमाल-पाणी, टाळ्यांचा ताल, मूक अभिनय.

हस्तकला स्वस्त ठेवा. हरवलेल्या मेंढराच्या दिवशी पुठ्ठ्याचे मेंढरू आणि त्यावर कापूस. एका मेंढराला साधारण तीन ग्रॅम कापूस लागतो, म्हणजे साठ मुलांना दोनशे ग्रॅमच्या आत. मेडिकलमधला पाचशे ग्रॅमचा एक रोल भरपूर होतो. सरकीसकट कापूस नेऊ नका. पुठ्ठे आधीच कापून न्या, कारण साठ मुले आणि बारा कात्र्या असल्या की पस्तीस मिनिटे कापण्यातच जातात. गोंद झाकणात काढून चौघांत एक द्या. बाटली फिरवली की पहिल्या दोघांचे मेंढरू भिजते आणि बाकीच्यांना गोंद उरत नाही. पाच संच जास्त ठेवा. भावंडांचे फाटते, कोणीतरी तिसऱ्या दिवशी नव्याने येते. रंग, कागद, गोंद तिथल्या बाजारात घ्या, म्हणजे ताईंना दुकानही माहीत होते.

बुधवारपासून अदलाबदल करा. सोमवार-मंगळवारी तुम्ही गोष्ट सांगितली, बुधवारी ताई सांगतील आणि तुम्ही चित्रे धराल. गुरुवार-शुक्रवारी संपूर्ण वर्ग त्यांचा, तुम्ही फक्त गटांत बसा. सुरुवातीला त्या नाही म्हणतील. म्हणून हे निमंत्रणाच्या पत्रव्यवहारातच ठरवून घ्या आणि रोज दीड ते अडीच त्यांच्यासोबत दुसऱ्या दिवसाची तयारी करा.

मुलांची सुरक्षितता

कोणत्याही मुलासोबत एकटे मोठे माणूस कधीही नको. खोली, गाडी, संडास, कुठेही नाही. लहान मुलींना संडासला स्थानिक बहिणी नेतील, दुसरी बहीण दाराबाहेर. मुलांना मांडीवर घेणे, पाप्या घेणे, खांद्यावर बसवणे बंद. मूल स्वतःहून हात धरते, तेवढे पुरे.

फोटो एकाच माणसाने काढायचे आणि ते यजमान पाळकांना दाखवल्याशिवाय कुठेही जाणार नाहीत. बाकीच्यांचे फोन पिशवीत. स्टेटसवर टाकलेला "या लेकरांनी प्रभूला स्वीकारले" असा एक फोटो तिथल्या पाळकांवर गुन्हा दाखल व्हायला पुरेसा ठरू शकतो. तुम्ही तोवर वर्ध्याला पोहोचलेले असता. गावाकडच्या मंडळीला दाखवायचे असतील तर हस्तकलेचे, फळ्याचे, पाठमोऱ्या मुलांचे फोटो घ्या, जागेचे नाव न देता.

एखाद्या मुलाने मारहाण किंवा छळ होत असल्याचे सांगितले तर शांतपणे ऐका. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका. त्याचे शब्द त्याच संध्याकाळी जसेच्या तसे लिहा आणि गटातल्या नेमलेल्या व्यक्तीला व यजमान मंडळीच्या नेमलेल्या व्यक्तीला सांगा. ही दोन नावे निघण्याआधी ठरलेली हवीत. नेपाळमध्येही बाल हेल्पलाइन १०९८ आहे. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२.

विदर्भातल्या माणसाला भूकंपाची सवय नाही. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. शाळा बंद होत्या, पण मंडळ्यांत उपासना चालू होती. पहिल्याच दिवशी वर्गाआधी दारे मोजा, उघड्यावर जमायची जागा ठरवा, आणि मुलांना खेळ म्हणून एकदा तिथपर्यंत रांगेत नेऊन हजेरी घ्या. हजेरीचे रजिस्टर दाराशीच ठेवायचे, आतल्या कपाटात नाही.

औषधपेटीत ओआरएसची वीस पाकिटे, पट्ट्या, अँटिसेप्टिक, थर्मामीटर. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धे पाकीट ग्लासात नाही. मुलांना याखेरीज कोणतीही गोळी तुम्ही द्यायची नाही. ताप किंवा खोकला असलेल्या सदस्याने वर्गात येऊ नये, त्याने पुठ्ठे कापावेत. निघण्याआधी सहा आठवडे ग्रामीण रुग्णालयात जाऊन धनुर्वात आणि टायफॉइडच्या लसीबद्दल विचारून घ्या.

परतल्यावर

नोंदणीचे कागद, उरलेले सामान, वचनांचे तक्ते तिथेच राहतात. खर्चाचा हिशोब दोन आठवड्यांत दोन्ही मंडळ्यांना लेखी द्या, दुभाष्याच्या मानधनासकट. मुलांना फोन नंबर द्यायचे नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले तरीही फेसबुकवर शोधून काढतात आणि "दिदी कधी येणार" विचारतात. खाजगीत उत्तर न देता तो संदेश संडे स्कूलच्या ताईंना पाठवा आणि त्यांच्यामार्फत निरोप द्या. पुढच्या वर्षी येऊच असे कोणालाही सांगू नका. तीन महिन्यांनी ताईंना फोन करून विचारा की पाचांपैकी कोणती गोष्ट त्यांनी पुन्हा घेतली, कोणती टाकली आणि का. पुढच्या गटाची तयारी त्या उत्तरापासून सुरू करा.